मेव्हण्याला घेऊन हैदराबादला

बदनापूर

माझ्या मेव्हण्याला हैदराबादच्या विद्यापीठातून इंजिनिअरिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी बदनापूरच्या सडकेवर खडीचे ढीग मोजत होतो. सासऱ्यांचा गडी उन्हातून चालत आला आणि त्यानं पागोट्यातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्यावरचा शिक्का मी उघडायच्या आधीच ओळखला. अकरा वर्षांपूर्वी तसंच एक पाकीट माझ्या नावानं आलं होतं.

परत आल्यापासून गावातले लोक मला विचारतात, चारमिनार केवढा आहे, तिथले लोक नुसता भातच खातात का, मोटारी किती दिसल्या. ते सगळं मी सांगतो. पण या प्रवासात मी जे केलं ते कोणी विचारत नाही, कारण घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. तेही आता लिहून टाकतो.

आमच्या निजामी मुलखात इंजिनिअर व्हायचं तर तेवढं एकच ठिकाण. अर्ज ढिगानं यायचे, घ्यायचे मूठभर. शिवाय त्या विद्यापीठाची एक रीत होती. पूल बांधणाऱ्यालाही इतिहास, काव्य आणि माणसाचं मन कळलं पाहिजे, असं तिथले जुने अध्यापक मानत. ही रीत कुठं छापलेली नव्हती. मुलाखतीच्या खोलीत शिरल्यावरच ती कळायची.

मला ती तशीच कळली. जालन्याच्या शाळेत गणितात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मुलाखतीला गेलो तेव्हा पाच जण बसले होते. त्यातल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला विचारलं, "बेटा, अपने गाँव की कोई बात सुनाओ." मला वाटलं, हे काहीतरी वेळ घालवायला विचारताहेत. मी म्हणालो, "बात कुछ नहीं है, साहब. आप हिसाब पूछिए." त्यांनी आवडता शेर विचारला, मग वाचलेलं एखादं पुस्तक विचारलं. मी दोन्ही वेळा हिशेबच मागितला. पाचही जण हसले, अगदी मायेनं हसले, आणि मला जायला सांगितलं.

घरी येऊन मी म्हणालो, "जागा भरल्या होत्या." पुढं लग्न झालं. बायकोला, सासऱ्यांना, सगळ्यांना तेच सांगितलं. त्यामुळं सासरी माझा मान असा की, जावई इंजिनिअरच व्हायचे, नशीब आडवं आलं.

पिंपळगाव रेणुकाईहून सासरे स्वतः गाडी जुंपून दिगूला घेऊन आले. मी त्यांना मामा म्हणतो. ओसरीवर पाणी पिता पिता ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तिथं जाऊन आलेले. तुम्हाला तिथलं बराबर म्हाईत हाये. तुमच्याबिगर याला कोण न्हेणार?"

दिगंबर, आमचा दिगू, अठरा वर्षांचा. उंच, काळासावळा, आणि ज्याच्याशी बोलेल त्याला दोन मिनिटांत आपलंसं करणारा. गणितात बरा होता, माझ्याएवढा मुळीच नाही. हे मी माझं समाधान म्हणून सांगत नाही, खरंच नव्हता.

आतून सुभद्रा, माझी बायको, माझी शेरवानी घेऊन आली. त्या मुलाखतीपुरती शिवलेली, एकदाच घातलेली आणि पेटीत ठेवलेली. तिनं मला न विचारताच ती भावाच्या अंगावर चढवली. मला ती खांद्यात सैल व्हायची. दिगूला अशी बसली की शिंप्यानं त्याचंच माप घेतलं असावं.

"अहो, बघा तरी," सुभद्रा म्हणाली. "कसा दिसून राह्यला!"

"चांगला दिसतोय," मी म्हणालो.

आगगाडीत

दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. लढाईचे दिवस होते, डब्यात फौजी आणि त्यांच्या ट्रंका. सुभद्रानं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बरणी दिली होती. बरणी दिगूच्या पिशवीत होती, माझ्या नाही.

जालना गेलं तोवर दिगूला खिडकीजवळ जागा मिळाली होती. एका फौज्यानं स्वतः उठून दिली. मी अजून दाराशी एका पायावर होतो. परतूरला कापसाचे एक मारवाडी व्यापारी चढले, चार पिढ्यांपासून परतुरात असलेले, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. त्यांनी दिगूला विचारलं, "काय शिकणार, भाऊ?"

"इंजिनिअरिंग. पूल बांधायचेत."

"मंग आमच्या परतूरला पयले या. पावसाळ्यात कापसाच्या गाड्या अडकून पडत्यात." आणि शेटजींनी डब्यातली बुंदी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "आन् हे?"

"हे माझे दाजी. लई हुशार. हेच इंजिनिअर व्हायचे, पण जागा भरल्या व्हत्या."

शेटजींनी मलाही बुंदी दिली. थोडी कमी.

परतूर मागं पडल्यावर दिगू माझ्याजवळ सरकला. "दाजी, तिथं इचारत्यात तरी काय?"

त्या प्रश्नाची मी बदनापूरपासून वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला आधी कबूल करावं लागलं असतं की जागा भरल्या नव्हत्या. पण माझं तोंड बंद राहिलं ते केवळ त्या लाजेपोटी नव्हे. ज्या दारातून मी परत फिरलो, त्या दाराची कडी मी स्वतःच्या हातानं याला का काढून देऊ, असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं.

"गणित," मी म्हणालो. "सगळं गणितच."

"शायरी-बियरी काही?"

"इंजिनिअरला शायरी कशाला लागते?"

त्यानं मान डोलावली आणि पाटी काढली. मग मी त्याला वाटभर हिशेब घातले. कप्प्यांचे, तुळयांचे, पाण्याच्या टाक्यांचे. जो हिशेब मी तोंडी करावा त्याला त्याची अर्धी पाटी भरायची, जीभ दातांत धरून, कपाळाला घाम. सेलू आलं तरी एक कमान त्याला सुटली नव्हती. मला इतकं बरं वाटत होतं की मी त्याला पंख्यानं वारा घातला.

परभणीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर तेव्हाच्या रीतीप्रमाणे हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. दिगू लोटा घेऊन उतरला आणि जो पाणीवाला जवळ होता त्याच्याकडून भरून आणला. समोरच्या बाकावरची बाई ओरडली, "अरे लेकरा, कोणाचं पाणी आणलंस, पाह्यलं का?"

दिगूनं लोटा तोंडाला लावला, रिकामा केला आणि म्हणाला, "मावशी, थंडगार हाये. तुम्हाला आणू?" डबा हसला. शेवटी ती बाईही हसली. मी असं काही बोललो असतो तर भांडण झालं असतं.

रात्र बसून काढली. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर आपली काळी माती नव्हती. लाल जमीन, हत्तीएवढाले धोंडे एकावर एक ठेवलेले, मध्ये शिंदीची झाडं आणि तळी. धोंडे असे तोलून राहिलेले की हात लावला तर गडगडतील. मी मनात त्यांचे गुरुत्वमध्य काढत बसलो. दिगू एका तेलंगी म्हाताऱ्याकडून पाण्याला, झाडाला, दगडाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते शिकत होता.

हैदराबाद

शहर मला आधीचं माहीत होतं, तरी नवं वाटलं. डांबरी रस्ते, पाणी मारून धुतलेले. टांग्यातून आम्ही मुसी नदीच्या पुलावरून गेलो. मी कमानी मोजल्या, दगडाचे सांधे पाहिले. दिगू म्हणाला, "दाजी, ती बाई बघा, पुलावर बसून नदीकडं पाठ करून मोगरा विकून राह्यली."

एका मराठी बाईंच्या खानावळीत उतरलो. सगळे त्यांना काकू म्हणायचे. जेवायला भात, वर आंबट सार, पुन्हा भात. भाकरी मागितली तर काकू म्हणाल्या, "ज्वारी हाये, पण दळायला जाते कोण?" आपल्याकडं अंबाडीची भाजी कण्या घालून, वर लसणाचं तेल ओतून खातात, तिथं तिचं तिखटजाळ लोणचं घालतात आणि भातात कालवतात. मला त्या लोणच्यानं ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी वाटीतलं सार शेजारच्या पानात सांडलं. दिगूनं तीनदा मागून घेतलं. काकूंनी त्याला चौथ्यांदा न मागता वाढलं.

ते शेजारचं पान प्रल्हाद नावाच्या मुलाचं होतं. मूळचा नांदेडचा, त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. पान बदलून घेऊन तो दिगूला म्हणाला, "उद्या मुलाखत का? मंग एक ध्यानात ठेव, ते लोक असं इचारत्यात की..."

मी हात धुवायला उठलो होतो, तो तसाच खाली बसलो. "राहू द्या हो," मी म्हणालो. "आता नवीन काही डोक्यात भरलं तर आहे तेही जाईल. दिगू, चल, ती कमान राहिली आहे."

"पण दाजी, एवढं ऐकतो की..."

"चल म्हणतो ना."

दिगू उठला. पोरगं आज्ञाधारक. प्रल्हाद माझ्याकडं पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो उजाडताच कुठंतरी निघून गेला, म्हणून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून आठवतं. स्वतः न सांगण्यापर्यंत मी मनाला समजावू शकत होतो. या वेळी मी दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

विद्यापीठ

विद्यापीठाची इमारत गुलाबी दगडाची. अकरा वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा कामकाज भाड्याच्या कोठ्यांतून चालायचं. आता माळावर ही एवढी कमान उभी होती की तिच्याखाली माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसावा. ती बिनचूक होती. तिच्याखाली उभा राहून मी तरी चूक शोधत राहिलो. ही कमान बांधताना कोणीतरी माझ्याच वयाचा तरुण परांचीवर उभा राहून हुकूम देत असणार, आणि मी तेव्हा सडकेवर काठीनं खडी मोजत होतो.

व्हरांड्यात मुलं बसली होती. शेरवान्या, टोप्या, अत्तराचा वास. कोणाचे वडील वकील, कोणाचे तालुकदार. दिगू माझ्या शेरवानीत, हाताच्या तळव्यावर कमानीचं सूत्र गिरवत होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "मला भ्या वाटून राह्यलं. तुमच्यावानी डोकं न्हाई माझं. इथं खरं तर तुम्हीच पाह्यजे व्हता."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात चपराश्यानं त्याचं नाव पुकारलं आणि तो माझ्या पाया पडून आत गेला.

माझी मुलाखत पाच मिनिटांत आटोपली होती. दिगू आत गेला तेव्हा कमानीची सावली पायरीवर होती. ती पायरी उतरून अंगणात गेली तरी दार उघडेना. एकदा आतून हसण्याचा आवाज आला.

तो बाहेर आला तो भांबावलेला. "दाजी, गणिताचा एक बी प्रश्न न्हाई इचारला."

"मग?"

"एक पांढऱ्या दाढीवाले म्हातारे व्हते. त्यांनी इचारलं, पूल कोणासाठी बांधायचा? मी म्हणलं, माझ्या ताईसाठी."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी पंचमीला मी सुभद्राला माहेरी घेऊन निघालो होतो. वाटेत पूर्णेला पूर. आम्ही अलीकडच्या काठावर गाडी सोडून दोन दिवस बसलो. दिगू तेव्हा बारा वर्षांचा, बहिणीला न्यायला पलीकडच्या काठावर आला होता. हाका मारायचा, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. मग त्यानं तिच्यासाठी आणलेलं हिरवं लुगडं उलगडून दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, तिला दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. घरी आल्यावर सुभद्रा जात्यावर बसली की एक ओवी म्हणायची. तिनंच जुळवलेली. दिगूला ती पाठ होती. पाच विद्वानांसमोर त्यानं ती चालीवर म्हणून दाखवली आणि मोडक्यातोडक्या उर्दूत अर्थ सांगितला:

भरली पुर्णा बाई, पल्याड माझा भाऊ,
दोन्ही काठांमंदी कशी एकली मी ऱ्हाऊ.

"आन् तुमचं बी सांगितलं मी," दिगू म्हणाला. "म्हणलं, माझ्या दाजींनी पाण्यात पानं टाकून वेग काढला आन् सांगितलं, चार दिस पाणी उतरत न्हाई. बराबर पाचव्या दिशी उतरलं. तसला हिशेब मला येत न्हाई, मला फकस्त पूल बांधायचाय. मंग त्या म्हाताऱ्यांनी इचारलं, तुमचे दाजी काय करतात?"

"काय सांगितलंस?"

"सडकेवर खडी मोजतात."

मी व्हरांड्याच्या खांबाला टेकलो. ती नदी माझी होती. बायको माझी होती. दोन दिवस त्या काठावर तिच्या शेजारी मी बसलो होतो, आणि त्या दोन दिवसांतून मी काय आणलं, तर पाण्याचा वेग. ती ओवी माझ्याच घरात, माझ्या उशाशी रोज पहाटे म्हटली जायची आणि मी कूस बदलून झोपायचो. आज मला कोणी तोच प्रश्न विचारला असता तरी मी हिशेबच मागितला असता. हे कळणं हेव्यापेक्षा वाईट होतं, पण त्यानं हेवा कमी झाला नाही. वाढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. दिगूला जवळ जायचा धीर होईना. मीच गेलो. यादी मी खालून वर वाचत गेलो, आणि प्रत्येक नावाला मनात म्हणत गेलो की हे त्याचं नाही, बरं झालं. सहाव्या नावाशी थांबलो.

"आहे," मी म्हणालो.

परतीची गाडी

येताना दिगू सगळ्या डब्याला सांगत होता. नांदेडपर्यंत अर्धी गाडी त्याला ओळखू लागली. परभणी गेलं तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्हाला बी त्यांनी असंच इचारलं असतं, न्हाई का? पण तुम्हाला तर आतच घेतलं न्हाई, जागा भरल्या व्हत्या."

त्यानं ते सहज म्हटलं होतं. मी इतका थकलो होतो की मला ते जुनं खोटं धरून ठेवता आलं नाही.

"जागा भरल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मला आत बोलावलं होतं. हेच विचारलं होतं. मला उत्तर आलं नाही."

आधी त्याला वाईट वाटलं. माझ्या हातावर हात ठेवला. मग त्याच्या ध्यानात आलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होतो, म्हणून ते मला दिसलं.

"म्हंजे तुम्हाला म्हाईत व्हतं."

"होतं."

"आन् प्रल्हादला तुम्ही बोलू दिलं न्हाई."

"नाही."

"का, दाजी?"

"तुझी निवड होऊ नये असं वाटत होतं मला."

त्यानं हात काढून घेतला. उठला, दाराशी जाऊन उभा राहिला. परतूर आलं, कापसाच्या गाठींनी भरलेला फलाट मागं गेला, जालना आलं. चार दिवस सगळ्यांशी बोलणारा तो पोरगा कोणाशी एक शब्द बोलला नाही. बदनापूरला उतरल्यावर फक्त एवढं म्हणाला, "ताईला तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार." आणि फाटकाशी पिंपळगावकडं जाणारी गाडी मिळाली, तिच्यात बसून घरी न येताच गेला.

घरी

सुभद्रा ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. भाऊ बरोबर नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला.

"निवड झाली," मी आधी सांगितलं. मग ताट खाली ठेवायला लावून बाकीचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचं, आगगाडीतलं, खानावळीतलं. काही झाकलं नाही.

तिनं ताट भिंतीकडं सरकवलं. मग म्हणाली, "माझी ओवी त्यानं तिथं म्हणली?"

"म्हटली."

"चालीवर?"

"चालीवर."

"त्या मोठ्या लोकांनी ऐकली?"

"ऐकली. अर्थही ऐकला."

तिनं पदरानं डोळे पुसले. "लेकराचं वाईट चिंतलं तुम्ही," ती म्हणाली. "जागा भरल्या न्हाई भरल्या, त्याचं मला काही न्हाई. पण हे मी इसरणार न्हाई." आणि खरंच ती विसरली नाही. मला जेवायला वाढलं, पण पुढं कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दिगू हैदराबादला शिकायला गेला. त्याची पत्रं यायची, बहिणीच्या नावानं. सुभद्राला वाचता येत नाही, म्हणून ती मीच मोठ्यानं वाचायचो. काकूंचा भात, मुसीचा पूर, इतिहासाच्या तासाला ऐकलेल्या गोष्टी, एका मित्राच्या घरची ईद. वडिलांना नमस्कार, त्यांच्या गड्याची विचारपूस, गाईला वासरू झालं का. माझं नाव कुठं नसायचं. माझ्याच आवाजात मी ते पत्र संपवायचो आणि घडी घालून तिच्या हाती द्यायचो.

दिवाळीनंतरच्या पत्रात एक वेगळा कागद निघाला. त्यावर अक्षर एकही नव्हतं. विटांच्या कमानीची आकृती होती, मापं घातलेली, आणि खाली चार ओळींचं खोडलेलं गणित. चौथ्या ओळीत तो चुकला होता. कुठं चुकला ते मला पाहताक्षणी दिसलं, आणि मला जो आनंद झाला तो काही साधूचा आनंद नव्हता. त्याला जमलं नाही, मला जमलं, असाच तो होता. मी सुभद्राला दिवा जवळ आणायला सांगितलं.

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. मी पहिल्यापासून मांडलं, एकही पायरी न गाळता, आणि तो जिथं चुकला तिथं का चुकला तेही लिहिलं. पुढच्या वेळी माझी गरज पडणार नाही अशा रीतीनं. मग सकाळी कामावर जाताना टपालात टाकलं.